तोंडं वरंध्याकडे

भोरच्या आठवडे बाजारात उस्मानचाचा सुक्या तारल्या मांडून बसत, तेव्हा त्या सगळ्या तारल्यांची तोंडं वरंध्या घाटाकडे असत. इतर सुकटवाले मासळीचा ढीग ओततात आणि मोकळे होतात. चाचांना ढीग मान्य नव्हता. आधी गोणपाट अंथरायचं, चार कोपऱ्यांवर चार दगड ठेवायचे, मग उन्हाकडे बघून दिशा धरायची आणि एकेक तारली ओळीनं निजवायची. शेपट्या कापूरहोळच्या रस्त्याकडे, तोंडं घाटाकडे. गिऱ्हाइकानं हातात घेऊन बघितलेली तारली उलटी ठेवली, तर चाचा हातातली तागडी खाली ठेवून ती आधी सरळ करत आणि मगच पुढचं वजन करत.

कुणी कारण विचारलंच तर म्हणत, "तोंड फिरलं की चव फिरती. म्या बघितलंय."

या "म्या बघितलंय"पुढं आमच्या भागात कुणाचं काही चालत नसे, कारण आमच्यापैकी कुणीच काही बघितलेलं नव्हतं. समुद्र आमच्यापासून तसा फार लांब नाही, पण मधे सह्याद्री आडवा पडलेला आहे. आमच्या लेखी पाणी म्हणजे नीरा नदी, आणि फार पाणी म्हणजे भाटघरचं धरण. चाचा मात्र मासळीला 'म्हावरं' म्हणत आणि समुद्राला 'दर्या'. असले शब्द बोलणारा माणूस तरुणपणी गलबतावर असणार हे गावानं परस्पर ठरवून टाकलं होतं. पोस्टमन तर त्यांना तोंडावर कप्तान म्हणायचा. चाचांनी कधी हो म्हटलं नाही आणि कधी नाहीही म्हटलं नाही. कप्तान म्हटलं की मिशीवरून एक बोट फिरवायचे, एवढंच.

मी त्यांना पहिल्यांदा बघितलं ते वेल्ह्याच्या बाजारात. आठवड्यातला एक दिवस ते भोरहून आडवळणानं एस.टी.नं तिकडे येत. आम्ही मार्गासनीच्या बौद्धवाड्यातले. आई आणि मी बाजाराला जायचो, बहुतेक वेळा चालत. आमच्या घरात गोड व्हायचं सणाला आणि तारली आठवड्याला. निखाऱ्यावर भाजलेली तारली आणि नाचणीची भाकरी. एका तारलीत तिघं जेवायचो. दोघांना मासा यायचा आणि तिसऱ्याला वास, पण तिसऱ्याचीही तक्रार नसायची.

चाचांचं वजन करणं हा बाजारातला एक खेळच होता. तागडी समतोल झाली की ते पारड्यातली एक तारली उचलून मागच्या पत्र्याच्या डब्यात टाकत आणि म्हणत, "ही एक दर्याची." मग ओळीतल्या दोन उचलून पारड्यात टाकत आणि म्हणत, "ह्या दोन तुमच्या." नवखं गिऱ्हाईक पहिल्या वाक्यालाच भांडायला उठे. दुसऱ्या वाक्यापर्यंत जो दम धरी तो फायद्यात राही. माझी आई घरी येऊन म्हणायची की हा माणूस येडा तरी आहे नाहीतर फार शहाणा तरी. डब्यातल्या तारल्यांचं पुढं काय होतं यावर बाजारात दोन मतं होती. काही म्हणत, मांजरांना घालतो. काही म्हणत, स्वतः खातो आणि नाव दर्याचं सांगतो.

त्यांच्या पाठीमागं, डब्याशेजारी, त्यांच्या बायको आमिनाबी बसलेल्या असत. डोक्यावरचा पदर कपाळाखाली ओढलेला, मांडीवर सूप, सुपात बारक्या तारल्या. त्या निवडता निवडता सारख्या काहीतरी पुटपुटत. आम्हाला वाटायचं, देवाचं नाव घेत असतील. त्यांचा आवाज मी कधी ऐकला नाही. बोलायचं काम एकट्या चाचांचं.

आणि चाचांना बोलायला एकच विषय होता. तारली.

"तारली कोन खातं?" ते एखाद्या पोराला विचारत.

"आमी."

"आन तुमच्या आदी?"

पोर डोकं खाजवी. चाचा जरासे मागं रेलत, आणि मग सुरू होत. बांगडा तारली खातो. सुरमई खाते. मुशी खाते. वरून पाखरं सूर मारून खातात. दर्यात जो तो तारलीच्या मागं. ती मात्र कुणाच्या मागं लागत नाही. ती तोंड उघडं ठेवून पोहते, पाणी कल्ल्यावाटे बाहेर जातं आणि पाण्यातला डोळ्यांना न दिसणारा बारीक जीव तिच्या गालात अडकतो. "गालात चाळन असती तिच्या," चाचा सांगत, "पिठाच्या चाळणीहून बारीक. ह्ये येवढं येवढं चाळून ती आंगाला लावती आन समद्यास्नी पोसती. तारली म्हंजी दर्याची भाकरी. म्या बघितलंय."

मी एकदा घरी आणलेल्या तारलीचा गाल सुईनं उचकटून बघितला. आत मीठ होतं. पुढच्या बाजारी तसं सांगितल्यावर चाचांनी मान डोलावली, नेहमीसारखे मागं रेलले आणि म्हणाले, "सुकल्यावर दिसत न्हाई. ताज्या म्हावऱ्यात दिसती."

सुरमई ते विकत नसत. घाटाखालून येणाऱ्या गठ्ठ्यात खारवलेली सुरमई निघाली तर ती शेजारच्या दुकानदाराला देऊन टाकत. एकदा मामलेदार कचेरीतला शिपाई साहेबांसाठी सुरमई मागायला आला. साहेबांकडे पाहुणे होते. चाचांनी त्याला बसवून घेतलं आणि समजावलं की सुरमईनं आयुष्यभर खाल्ली ती तारलीच. एक सुरमई पोसायला टोपल्याच्या टोपल्या तारल्या गेल्या. "मंग साहेबास्नी इचारा, मधला दलाल कशाला पायजे? सरळ तारलीच न्या." शिपायानं खरोखरच तारल्या नेल्या. साहेबांनी त्या खाल्ल्या, असं पुढं तो शिपाईच सांगत असे. बदली कुणाची झाली नाही, एवढं खरं.

तारल्यांचा शेकडो-हजारांचा थवा एकत्र का पोहतो, हेही चाचांनी सांगितलेलं. मोठा मासा आला की थवा आवळत जातो. कडेच्या तारल्या जातात, मधल्या वाचतात. "मधली वाचती" हे सूत्र त्यांनी स्वतःच्या आयुष्याला पूर्णपणे लावून घेतलं होतं. एस.टी.त ते बरोब्बर मधल्या बाकावर बसत आणि तिथं कोणी असेल तर उभे राहत. रेशनच्या रांगेत पुढं पाच माणसं असतील, तर मागं पाच होईपर्यंत बाजूला थांबत आणि मग मधे शिरत. त्यावरून मारामारीची वेळ यायची. सभेत, मशिदीत, तमाशाच्या तंबूत, सगळीकडे मधोमध. पुण्याच्या बसखाली एकदा कडेनं चालणारं कुत्रं सापडलं, तर चाचा आठवडाभर लोकांना अडवून सांगत होते, बघा, कडेचं गेलं.

मॅट्रिक होऊन मी पुण्याला कॉलेजात निघालो, तेव्हा चाचांनी कागदात बांधलेली तारल्यांची पुडी हातात ठेवली. म्हणाले, पोरा, तिथं भूक लई लागती. वसतिगृहात ती पुडी मी उघडली आणि खोलीतले दोघं सोबती दोन दिवस व्हरांड्यात झोपले. तिसऱ्या दिवशी त्यातला एक आत आला आणि म्हणाला, एक दे बघू. मग दुसरा आला. पुडी संपली तेव्हा आम्ही तिघं मित्र झालो होतो. आमच्या घरात इंग्रजी वाचणारा मी पहिला, आणि पुण्यात मला त्या इंग्रजीची भीती वाटायची. माझी पहिली मैत्री त्या वासानं जुळवून दिली हे मी विसरलेलो नाही.

आणखी एक गोष्ट विसरलेलो नाही. प्राणिशास्त्राच्या तोंडी परीक्षेत परीक्षकांनी विचारलं, बारीक जीव खाऊन जगणारा मासा ते पाण्यातून वेगळे कसे करतो? वर्गातल्या हुशार मुलांना ते पुस्तकातल्या आकृतीवरून ठाऊक होतं. मला आकृती आठवेना. मी डोळे मिटले, गोणपाट आठवलं आणि म्हणालो, सर, गालात चाळण असते. कल्ल्यांच्या कमानीला आतून बारीक दाते असतात, फणीसारखे. परीक्षक म्हणाले, शब्द गावठी आहे, उत्तर बरोबर आहे. मी पास झालो.

मी शेवटच्या वर्षाला असताना आमिनाबी गेल्याचं कळलं. मी सुट्टीत चाचांना भेटायला गेलो. ते जरा बारीक झाले होते, पण तारल्या सरळ होत्या. मी गोणपाटाशेजारी बसलो. त्यांनीच विचारलं, चाळणीचं खरं निघालं का? मी परीक्षेची हकीगत सांगितली. ते मागं रेलले, मग पुढं झुकून तागडी पुसू लागले.

पुढं बी.एड. करून मी भोरच्याच शाळेत विज्ञान शिकवायला लागलो. त्या दिवसापासून चाचा मला "मास्तर" आणि "तुमी" म्हणू लागले. मी किती सांगितलं, पण ऐकलं नाही. अन्नसाखळीच्या धड्याला पुस्तकात गवत, नाकतोडा, बेडूक, साप आणि घार एवढी मंडळी होती. मी मुलांना बाजारात चाचांसमोर नेऊन बसवत असे. हेडमास्तर शुद्ध शाकाहारी. त्यांनी एका अटीवर परवानगी दिली होती, की साखळीतला एकही घटक शाळेच्या आवारात येता कामा नये.

एक गोष्ट तेव्हा माझ्या लक्षात आली होती, पण तिचा अर्थ लागला नव्हता. माझ्या लहानपणी चाचा दर आठवड्याला काहीतरी नवीन सांगायचे. आता जुनंच सांगत. एखाद्या मुलानं नवा प्रश्न विचारला तर मागं रेलत, थांबत, आणि मग म्हणत, "त्ये पुन्हा कवातरी." वयाचा परिणाम असेल असं मला वाटलं.

मोठा दुष्काळ सरल्यानंतरच्या हिवाळ्यात मी नववीची सहल काढायचं ठरवलं. वरंधा उतरून महाड, आणि महाडहून पुढं तीन तासांवर किनाऱ्यावरचं एक मासेमारीचं गाव. मुलांनी जन्मात समुद्र बघितला नव्हता. खरं सांगायचं तर मीही बघितला नव्हता, पण हे मी हेडमास्तरांना सांगितलं नाही. ते म्हणाले, पाण्याशी खेळ आहे, बरोबर जाणकार माणूस हवा. मी म्हणालो, उस्मानचाचा येतील. ते ऐकून मुलींच्या घरच्यांनीही मुलींना सोडायचं कबूल केलं. चाचा आहेत म्हणजे दर्या घरचाच.

चाचांना मी हे सगळं सांगितलं, तेव्हा त्यांच्या हातातली तारली चक्क आडवी पडली आणि ती सरळ करायचं त्यांच्या ध्यानात आलं नाही.

त्या बाजारी त्यांचा गुडघा दुखत होता. पुढच्या बाजारी ते म्हणाले की त्यांना गाडी लागते. मी म्हटलं, चाचा, गलबत लागलं नाही आणि एस.टी. लागते? ते म्हणाले, "दर्या हालतो तो शिस्तीत हालतो. एस.टी.ला शिस्त न्हाई." त्याच्या पुढच्या बाजारी त्यांनी गुडघाही सोडला आणि गाडीही. दर्यात बघायचं काय, व्हता तितंच हाय, एवढंच बोलून ते दुसऱ्या गिऱ्हाइकाकडे वळले. सहलीला चार दिवस उरले होते. जाणकार आला नाही तर गाडी सुटणार नाही, असं हेडमास्तरांनी बजावलं होतं. बेचाळीस मुलांनी घरातल्यांच्या विनवण्या करून परवानगी मिळवली होती. त्यांना काय तोंड दाखवायचं या विचारानं मला जेवण जाईना.

निघायच्या दिवशी पहाटे शाळेच्या फाटकाशी खास एस.टी. उभी होती. थंडी मी म्हणत होती. मुलं गाडीत चढून बसली होती आणि हेडमास्तर यादी घेऊन उभे होते. त्यांनी विचारलं, "जाणकार कुठं आहेत?" मी खोटं काय बोलावं याची जुळवाजुळव करत होतो, तेवढ्यात बाजारपेठेच्या बाजूनं हातगाडीचा खडखडाट आला. चाचा हातगाडी ढकलत येत होते. अंगात काळा कोट, डोक्यावर कशिद्याची टोपी, आणि हातगाडीवर फडक्यानं तोंडं बांधलेले चार पत्र्याचे डबे.

हेडमास्तरांनी नाकाला रुमाल लावला. "यात काय आहे?"

"दर्याचं सामान हाय."

"शैक्षणिक?"

"व्हय," चाचा म्हणाले.

डबे टपावर गेले. चाचा मोजून मधल्या बाकावर बसले. घाट सुरू झाला तशी त्यांनी हातात लिंबू धरलं आणि डोळे मिटले. तीन वेळा गाडी थांबवावी लागली. नववीतली सुलभा, जी मला रोज वर्गात प्रश्न विचारून हैराण करायची, ती मैत्रिणीला हळूच म्हणाली की कप्तानांना जमीन सोसत नाही.

दुपार कलल्यावर आम्ही पोचलो. मुलं ओरडत किनाऱ्याकडे पळाली. मी मागं बघितलं तर चाचा गाडीतच. "तुमी व्हा फुडं," म्हणाले. बऱ्याच वेळानं ते खाली उतरले, सुरूच्या झाडांपर्यंत आले आणि एका झाडाला हात लावून उभे राहिले. समोर पाण्याला पलीकडचा काठ नव्हता.

"येवढं?" ते म्हणाले.

मला वाटलं, त्यांच्या आठवणीत समुद्र लहान असेल. माणसाला तसं होतं.

वाळूवर माणसांच्या दोन लांब ओळी एक भलंमोठं जाळं दोरांनी ओढत होत्या. रापण म्हणतात तिला. जाळं काठाला लागलं तसं पाणी आतून उकळल्यासारखं दिसायला लागलं. ओढणाऱ्यांतला म्हातारा पुढं झाला, त्यानं जाळ्यातून ओंजळभर मासे उचलले आणि कुणाकडे न बघता पुन्हा पाण्यात टाकले. मगच बाकीच्यांनी टोपल्या लावल्या. चाचांनी माझं मनगट धरलं. इतकं घट्ट, की मी त्यांच्याकडे बघितलं. ते त्या म्हाताऱ्याकडे बघत होते.

आमच्यासमोर वाळूवर माशांची रास पडली. पाठ निळी-हिरवी, पोट चांदीचं, आणि सगळी रास एकदम थरथरत होती. मुलांनी कोंडाळं केलं. सुलभानं वही उघडली, पेन्सिलीला थुंकी लावली.

"चाचा, ह्ये कुठलं म्हावरं?"

चाचा खाली बसले. एक मासा हातात घेतला, उलटा केला, सुलटा केला. त्यांच्या बोटांना खवले चिकटले. बेचाळीस मुलं उत्तराची वाट बघत होती.

"ह्ये म्या न्हाई वळखत," ते म्हणाले.

टोपली भरत असलेली एक बाई खळखळून हसली. "तारली हाय ती. जन्मात पाह्यली नाय काय?"

मुलांचं हसू फुटायच्या बेतात होतं. माझ्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला. ज्या माणसानं वीस-पंचवीस वर्षं तारलीशिवाय काही विकलं नाही, त्यानं ती फक्त वाळलेली बघितली होती. पिवळी, खारवलेली, डोळे नसलेली. मी मोठ्यानं म्हणालो, "कळलं नाही का? चाचा तुमची परीक्षा घेत होते. एकालाही ओळखता आली नाही. लिहा वहीत, तारली." मुलांनी ओशाळून माना खाली घातल्या आणि लिहिलं. सुलभानं मात्र माझ्याकडे एकवार बघितलं. मग तिनंही लिहिलं.

चाचांचं तिकडे लक्ष नव्हतं. त्यांनी त्या बाईला विचारलं, ह्या म्हावऱ्याचा गाल उघडून बघू का? बाई म्हणाली, बघा की, आणि मग जरा थबकून तिनं विचारलं, "पाव्हणे, कुठचे तुम्ही? बोलता तर आमच्यावानी."

"घरात शिकलो," चाचा म्हणाले.

त्यांनी अंगठ्याच्या नखानं कल्ल्याचं झाकण उचललं. मी वाकून बघितलं. लाल कमानींच्या आतल्या बाजूला केसांसारखे दाते होते, दाट, एकाला एक लागून. चाचांनी मासा उन्हाकडे धरला. डोळ्यांच्या अगदी जवळ नेला.

"हाय," ते म्हणाले. "चाळन हाय."

मुलं शंख-शिंपले वेचायला पांगली, तेव्हा त्यांनी मला सगळं सांगितलं. फार नव्हतंच. आमिनाबी याच किनाऱ्याच्या, पलीकडच्या खाडीवरच्या गावच्या. लग्न महाडला त्यांच्या मामाच्या घरी लागलं. वरात घाट उतरून महाडपर्यंत आली आणि तिथूनच परत गेली. त्या दरवर्षी माहेरी जायच्या. चाचांना म्हणायच्या, चला, दर्या दाखवते. चाचा म्हणायचे, पुढल्या साली. दुकान होतं, घाटात गाडी लागत होती, आणि दर्या कुठं जाणार होता? सगळं बोलणं आमिनाबींचं. तारली काय खाते, तिला कोण खातं, थवा कसा आवळतो, गालात काय असतं. त्या मागं बसून निवडता निवडता सांगायच्या आणि चाचा पुढं बसून मोठ्यानं बोलायचे. बाईमाणसानं बाजारात मोठ्यानं बोलायचं नाही, अशी तेव्हा रीत होती. ते मागं का रेलत होते, हे मला वीस वर्षांनी कळलं.

"लोकं कप्तान म्हनाया लागली," ते म्हणाले. "ती हसायची. म्हनायची, ऱ्हाऊ द्या, तुमी काय आन म्या काय. आता कुनाला सांगू, मास्तर? खोटं पडलं तर तिचं पडंल."

आणि डबे? रापणीतली पहिली ओंजळ दर्याला परत द्यायची, ही त्यांच्या माहेरची चाल. गिऱ्हाइकाच्या पारड्यातली एक तारली म्हणजे तीच ओंजळ. वर्षभर डबा भरायचा, आणि आमिनाबी माहेरी जाताना तो बरोबर नेऊन पाण्यात ओतायच्या. त्या गेल्यापासून चार वर्षं झाली होती. चाचा डबे भरत राहिले होते. महाडच्या ट्रकवाल्याबरोबर का पाठवले नाहीत, असं मी विचारलं, तेव्हा ते माझ्यावर रागावले. परक्याच्या हाती द्यायची गोष्ट आहे का ही, म्हणाले. सहलीचं ऐकल्यापासून त्यांना झोप नव्हती. गेलो तर उघडा पडेन, नाही गेलो तर डबे पडून राहतील. शेवटी डब्यांनी त्यांना आणलं.

आम्ही दोघांनी डबे टपावरून उतरवले. चाचांनी कोट काढून माझ्याकडे दिला, विजार गुडघ्यापर्यंत दुमडली आणि पहिला डबा खांद्यावर घेऊन पाण्यात शिरले. प्रत्येक लाटेला दचकत होते. मी काठावरून हाक मारली, "चाचा, तुम्हीच सांगता ना, कडेची जाते. मागं या."

"आज कडंलाच ऱ्हातो," ते म्हणाले.

चार डबे त्यांनी एकेक करून ओतले. वाळलेल्या तारल्या पाण्यावर तरंगल्या, भिजल्या, पसरल्या. कुठून कोण जाणे, पांढरी पाखरं आली आणि सूर मारून उचलू लागली. मुलं धावत आली. सुलभानं वही काढली आणि विचारलं, सर, भोरला येऊन परत गेलेली तारली साखळीत कुठं लिहायची? मी म्हणालो, थोडी जागा मोकळी सोड. चाचा ढोपरभर पाण्यात उभे होते. त्यांचे ओठ हलत होते.

परतीच्या वाटेवर घाटात गाडी फक्त एकदा थांबली.

पुढच्या बाजारी मी मुद्दाम लवकर गेलो. गोणपाट अंथरलेलं होतं. मागं नवा, रिकामा डबा ठेवलेला होता. तारल्या ओळीनं निजल्या होत्या, तोंडं वरंध्याकडे. नसरापूरकडचं एक नवखं गिऱ्हाईक आलं, त्यानं चार तारल्या उचलल्या, दोन उलट्या ठेवल्या आणि चाचांनी त्या सरळ केल्यावर हसून विचारलं, ही काय भानगड? मी मनात म्हटलं, आता चव फिरणार.

चाचा जरासे मागं रेलले. मागं कुणी नव्हतं. मग ते पुढं झुकले आणि नेहमीपेक्षा हळू आवाजात म्हणाले, "आमच्या घरातली म्हनायची, म्हायेराकडं पाठ करून कुनी बसतं व्हय?"

त्यांनी तागडी उचलली, पारड्यातली एक तारली डब्यात टाकली, ओळीतल्या दोन पारड्यात घातल्या. पुडी बांधता बांधता त्यांना काहीतरी राहिल्यासारखं वाटलं असावं.

"ती म्हनायची," ते त्या माणसाला म्हणाले, "आन आता म्या बघितलंय."